भिंतीकडचा पट्टा

आमचं अंगण दाराच्या उंबऱ्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत पंधरा फूट होतं आणि आडवं चौदा. तळवड्याच्या मागच्या अंगाला पप्पांनी अर्धा गुंठा घेतला, त्यात पत्र्याच्या दोन खोल्या बांधल्या आणि जे उरलं त्याला आम्ही अंगण म्हणायचो. परभणीकडून दोन पिशव्या आणि एक स्टोव्ह घेऊन आलेल्या माणसाला अर्धा गुंठासुद्धा संस्थान वाटतं. त्या अंगणात आई संडगे घालायची, गहू वाळवायची, भिंतीलगतच्या दगडावर धुणं आपटायची आणि संध्याकाळी पायरीवर बसून मेथी निवडायची. मागच्या शेडमधला पॉवर प्रेस दिवसभर धप्प धप्प आपटत असायचा. आम्ही त्याच्या तालावर जेवलो, झोपलो, मी त्याच्या तालावर पाढे पाठ केले. तो मध्येच थांबला तर आई दचकून विचारायची, ‘लाईट गेली का गं?’ पहाटे आयटीवाल्यांच्या कॅब हॉर्न वाजवत जायच्या, त्यांच्या मागोमाग पप्पांची चाकणची बस. तिचा हॉर्न आम्हाला वेगळा ओळखू यायचा.

पप्पा कंपनीत इन्स्पेक्शनला होते. मशीनवरून उतरलेला प्रत्येक जॉब त्यांच्या हातात यायचा, ते तो फिरवून बघायचे, मापायचे आणि ‘पास’ म्हणायचे किंवा लाल डब्यात टाकायचे. घरीही तीच सवय. भाकरी ताटात पडली की पप्पा ती उचलून उजेडाकडे धरायचे आणि म्हणायचे, ‘पास.’ आई चिडायची, ‘रिजेक्ट करून तर बगा एकदा, उपाशी झोपावं लागंल.’ आमच्या घरातली चेष्टामस्करी एवढीच होती, पण ती रोजची होती. मला पप्पा ‘माय’ म्हणायचे. आमच्याकडे बाप लेकीला लाडानं माय म्हणतो. मी तेव्हा ताथवड्याच्या कॉलेजात इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला होते, आणि मैत्रिणींसमोर त्यांनी तशी हाक मारली की मला लाज वाटायची. आता ती हाक मारणारं कुणी नाही, आणि लाज कसली वाटत होती तेही आठवत नाही.

पप्पांना लकवा मारला तो कंपनीतच, टेबलाशी उभे असताना. दवाखान्यातून तीन आठवड्यांनी घरी आले तेव्हा जीभ जड झाली होती, डावा हात अर्धा चालत होता आणि डावा पाय हलत होता, पण त्याला काही कळत नव्हतं. खाली फरशी आहे की गादी, पाणी गार आहे की कढत, काहीच नाही. पाय जागेवर आहे की नाही हे पप्पा खाली बघून ठरवायचे. आई भाकरी वरणात कुस्करून भरवायची आणि ते तोंड फिरवायचे. कंपनीनं तशी माणुसकी दाखवली होती. तारीख दिली होती. त्या तारखेला चाकणला येऊन कंपनीच्या डॉक्टरसमोर, कुणाचा आधार न घेता, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत चालून दाखवायचं. चालले तर बसून करायचं काम देऊ, नाही चालले तर नाव कमी होणार. तो कागद आईनं देवाच्या फोटोमागे ठेवला. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून ती रोज मला तो काढून वाचायला लावायची, जणू कधीतरी त्यातला मजकूर बदलेल.

फिजिओथेरपीच्या मॅडम आठवड्यातून एकदा यायच्या. त्या म्हणाल्या, ‘सिमेंटवर चालवू नका, पडले तर खुबा मोडेल. गवतावर, अनवाणी. पायाला जमीन पुन्हा ओळखीची व्हायला हवी.’ जवळच महापालिकेची बाग होती. आम्ही दोघींनी पप्पांना रिक्षातून नेलं. दहा पावलं झाली असतील, तेवढ्यात त्यांच्या शिफ्टचा एक माणूस बायकोला घेऊन फिरायला आलेला दिसला. तो बिचारा धावत आला, ‘भाऊ, कसे आहात?’ पप्पांच्या तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ आली होती. ती पुसायला त्यांनी उजवा हात उचलला, आमचा आधार सुटला आणि ते त्याच्या पायाशी बसल्यासारखे पडले. घरी आल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवस अन्न घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी बोलले ते एवढंच, ‘मला गावाकडं नेऊन टाका.’ टाका म्हणाले, सोडा म्हणाले नाहीत. आई स्वयंपाकघरात जाऊन परात घासत बसली, ती आधीच घासलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले ती ठणठण आवाजानं. हा प्रेसचा आवाज नव्हता. आई पदर खोचून अंगणातली शहाबादी फरशी पहारीनं उखडत होती. ती फरशी पप्पांनी रविवारी-रविवारी बसून स्वतः बसवली होती. मी म्हटलं, ‘आई, हे काय करतेस?’ ती थांबली नाही. ‘बागंत जात न्हाईत ना? मग बाग घरी आणू.’ पप्पा दारातून बघत होते. मला वाटलं होतं, ओरडतील. त्यांनी मान फिरवली, आणि तेच मला ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं.

फरशी निघाली आणि खालची माती उन्हात चमकायला लागली. ती चांदी नव्हती. घर बांधताना जागा खोलगट होती, म्हणून पप्पांनी आजूबाजूच्या शेडमधून भराव आणून टाकला होता. तेव्हा सगळे तेच करायचे. शेडवाल्यांना कचरा नको असायचा, आम्हाला खड्डा नको असायचा. त्या भरावात माती कमी आणि लेथचा कीस जास्त. स्प्रिंगसारखी वेटोळी, सुईसारखी टोकं, निळे-करडे तुकडे. शॉपमध्ये त्याला बर म्हणतात. गावातले गेनूकाका लॉन विकायचे. त्यांची अर्धी जमीन शेडमध्ये गेली होती आणि उरलेल्या अर्धीत नर्सरी होती. ते बघायला आले, एक मूठ उचलली आणि हात झटकला. ‘ही माती न्हाई बाई, भंगार हाय. फूटभर काढून टाका, दुसरी भरा.’ आमच्या बोळात ट्रॅक्टर शिरत नव्हता, आणि फूटभर माती घमेल्यानं काढायला दोघी बायकांना दिवाळी उजाडली असती. तारीख तर दोन महिन्यांवर. आईनं कपाळाला हात लावला. आधीच नवरा अंथरुणावर, त्यात अंगणानंही दगा दिला.

तेव्हा पप्पा बोलले. कित्येक दिवसांनी त्यांच्या आवाजात कंपनीतला आवाज आला. ‘चुंबक आणा.’ जुन्या स्पीकरचं भाकरीएवढं चुंबक माळ्यावर पडलं होतं. ते दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालायचं, नाडीनं बांधायचं आणि मातीवरून ओढायचं. बर पिशवीला बाहेरून चिकटते. मग डब्यावर धरून नाडी सोडायची आणि चुंबक पिशवीतून वर ओढून काढायचं, की सगळी बर डब्यात पडते आणि चुंबक हातात स्वच्छ राहतं. कुठल्या शेतकऱ्याला हे सुचलं नसतं, आणि गेनूकाका तर हसलेच, ‘मातीला चुंबक लावत्यात व्हय कधी!’ पण पप्पांना त्यात उभारी आली. त्यांनी खुर्ची उंबऱ्यात मांडायला लावली. सुतळी ताणून अंगणाचे फूट-फूट रुंदीचे पंधरा पट्टे पाडून घेतले. एक नंबर उंबऱ्याजवळचा, पंधरा नंबर भिंतीकडचा. प्रत्येक पट्टा आई खणायची, मी चुंबक उभं, आडवं आणि तिरपं असं तीनदा फिरवायचे. मग पप्पा विचारायचे, ‘पास?’ मी म्हणायचे, ‘पास.’ मग पुढचा.

दिवसाला एक पट्टा, फार तर दीड. मी कॉलेज बुडवत होते. बोटांना चिरा पडल्या होत्या, त्यात माती जाऊन हळद भरली तरी ठणकायच्या. डबा भरत होता, आणि मला रोज वाटायचं की आपण मूर्खासारखं काहीतरी करतोय. मी पप्पांना रात्रंदिवस बघत होते. पायाला चिमटा काढला तरी ते म्हणायचे, ‘काढ ना.’ मॅडमनी आईला धीर दिला होता, पण मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, ‘फार आशा लावू नका.’ हे मी आईला सांगितलं नाही. पोटात ठेवलं आणि चुंबक ओढत राहिले. पंधराव्या पट्ट्याचा दिवस आला तेव्हा ऊन मी म्हणत होतं. आई खत आणायला गेली होती. मी वाकले, पिशवी बांधली आणि तशीच बसून राहिले. माझ्या मनात तेव्हा नेमकं काय होतं ते मी आज लपवणार नाही. माझ्या मनात होतं, कोण चालणार आहे इथे? बागेत दहा पावलं न टिकलेला माणूस पंधरा फूट चालून या भिंतीपर्यंत येणार आहे? मागे वळून बघितलं, पप्पांची मान कलली होती, डोळे मिटलेले. मी चुंबकाची ती पिशवी मातीवर तशीच ठेवून थोडा वेळ बसले, मग उठले. माझ्या पायांच्या आवाजानं त्यांनी डोळे उघडले. ‘पास?’ मी म्हटलं, ‘पास.’ त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

पुढचं सगळं भराभर झालं. शेणखत मिसळलं, वर तांबड्या मातीचा हात दिला, फळी ओढून जमीन सपाट केली. गेनूकाकांनी टेम्पोतून लॉनचे चौकोन आणले, ओल्या गोणपाटात गुंडाळलेले. ते फरशीसारखेच लावायचे, कडेला कड भिडवून, सांधा सांध्यासमोर येऊ द्यायचा नाही. मग लाकडी थापीनं ठोकायचे. आईचा हात थापीवर असा पडायचा की गेनूकाका म्हणाले, ‘हळू बाई, ते गवत हाय, गोधडी न्हाई.’ भिंतीकडे चौकोन अपुरे पडले. तिथे वीतभर मोकळी जागा राहिली, ती मातीनं भरून उरलेले तुकडे मध्ये-मध्ये खोचले. जाताना काका सांगून गेले, ‘मुळं धरल्याबिगर पाय ठेवायचा न्हाई. बाळंतिणीवानी जपा. तीन आठवडं.’ आमच्याकडे पाणी दिवसाआड यायचं. आई तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, अंघोळीचं बिनसाबणाचं पाणी, थेंब न थेंब तिथे ओतायची. दहाव्या दिवशी गवत पिवळं पडलं. आई गेनूकाकांकडे धावत गेली, तिला वाटलं, हेही मेलं. काका आले, बोट खुपसून बघितलं आणि म्हणाले, ‘पानी कमी न्हाई पडलं, जास्त झालंय. जरा श्वास घ्यू द्या त्याला.’ मी आईला त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं रडताना ऐकलं, आणि ती गवतासाठी रडत होती असं गल्लीला वाटलं.

मुळं धरली तेव्हा तारखेला तीन आठवडे उरले होते. पहिल्या दिवशी पप्पांनी उंबऱ्यावरून गवतावर पाय ठेवला. आई डाव्या बाजूला, मी उजव्या. त्यांनी विचारलं, ‘ठेवला का?’ आई म्हणाली, ‘ठेवला.’ त्या दिवशी दोन पट्टे झाले. दुसऱ्या दिवशी तीन. ते समोर बघायचे नाहीत, पायाकडे बघायचे, जॉब मापताना बघायचे तसे. पाचव्या दिवशी त्यांनी आईचा हात सोडायला सांगितला. आठव्या दिवशी ते म्हणाले, ‘खाली गार हाय गं.’ आईनं आणि मी एकमेकींकडे बघितलं. बोललो तर मोडेल असं वाटलं. आणि बाराव्या दिवशी, सकाळची कॅबची गडबड संपल्यावर, पप्पा उंबऱ्यापासून निघाले आणि एकटे चालत भिंतीपर्यंत गेले. हात टेकला. वळले, आणि धुण्याच्या दगडावर बसून धापा टाकत राहिले. आईनं त्या दिवशी शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या, तूप हात आखडता न घेता वाढलं. पप्पांनी पोळी उजेडाकडे धरली. मी मात्र जेवताना भिंतीकडे पाठ करून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चादरीवर डाग होते. डाव्या टाचेत, घट्टा पडलेल्या कातडीच्या कडेला, वेटोळ्याचं एक टोक बाहेर आलेलं होतं आणि बाकीचं आत. ते रात्रभर तसंच होतं. भिंतीकडच्या त्या वीतभर जागेत ते घुसलं होतं आणि पप्पांना कळलं नव्हतं. पायाला गारवा समजायला लागला होता, पण वेदना अजून परतली नव्हती. दुपारपर्यंत घोटा सुजला, संध्याकाळी ताप. डॉक्टरनी चिरा देऊन तुकडा काढला, पट्टी बांधली आणि सांगितलं की पंधरा दिवस पाय खाली टेकवायचा नाही. तारीख नऊ दिवसांवर होती.

आई दवाखान्यात माझ्याकडे वळली. मी तिला कधीच तशी बघितली नव्हती. ‘तीन डाव फिरवलं होतंस ना गं? मग हे कुठून आलं? आं? कुठून आलं?’ सगळा वॉर्ड बघत होता. तेवढ्यात पप्पांनी नर्सकडे हात केला, ट्रेमधला तुकडा मागून घेतला. तळहातावर ठेवला, फिरवला, उजेडाकडे धरला. मग म्हणाले, ‘अ‍ॅल्युमिनियम हाय. चुंबकाला लागत न्हाई. पोरीला बोलू नको, प्लॅन माझा चुकला.’ आई त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर कपाळ टेकून बसली. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये गेले आणि सुटल्यासारखी रडले. मला खरंच सुटल्यासारखं वाटलं, हे सांगायला आजही जड जातं. माझ्यामुळे नाही झालं. चुंबक फिरवलं असतं तरी तो तुकडा सापडला नसता. हे एक वाक्य मी नऊ दिवस मनात घोळवलं.

तारीख पुढे ढकला म्हणून आईनं फोन केले, मी अर्ज लिहिले. उत्तर एकच, एकदा सवलत दिलेली आहे. तारखेच्या दिवशी पट्टीवरून पप्पांनी बूट चढवला, नाडी न बांधता. इस्त्रीचा शर्ट घातला. चाकणला डॉक्टरांच्या खोलीत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंतचं अंतर आमच्या अंगणाएवढंही नव्हतं. मी डोळ्यांनी मोजलं, दहा-बारा फूट. आम्हाला दाराबाहेर थांबायला सांगितलं, पण दार उघडं होतं. पहिलं पाऊल बरं पडलं. दुसरं पडलं. तिसऱ्याला बूट वाकडा झाला, त्यांनी सावरलं. चौथ्याला डावा गुडघा आत गेला आणि डॉक्टरनीच पुढे होऊन त्यांना धरलं. चांगला माणूस होता. त्यांच्या काखेत हात घालून खुर्चीवर बसवत हळू आवाजात म्हणाला, ‘काका, बसा आता.’ त्यातच सगळं आलं. पप्पांनी टेबलावरच्या कागदावर सही केली, उजव्या हातानं, नेहमीसारखी ठळक.

घरी आल्यावर आईनं साडीही बदलली नाही. खुरपं घेतलं आणि भिंतीकडचं गवत उपटायला बसली. एकेक तुकडा उपटून मागे फेकत होती. तिला थांबवायची हिंमत मला झाली नाही. मी पप्पांचा शर्ट उतरवून धुवायला घेतला. खिसे तपासले, तर गोळ्यांच्या चांदीच्या कागदात गुंडाळलेला तो तुकडा निघाला. त्यांनी तो का जपून ठेवला होता कोण जाणे. बर भरलेल्या डब्यावर चुंबक पडलेलं होतं. मी ते उचललं. सहजच उचललं असं म्हणणार होते, पण तसं नाही. मला पुन्हा एकदा खात्री करून घ्यायची होती, त्या वाक्याचा आधार मला रोज लागत होता. मी चुंबक जवळ नेलं आणि तुकडा माझ्या बोटांतून निसटून त्याला जाऊन चिकटला.

मग आत गेले. पप्पा खाटेवर, पाय उशीवर. मी चुंबक त्यांच्यासमोर धरलं. म्हटलं, ‘पप्पा, हे लोखंड आहे.’

‘व्हय.’

‘तुम्हाला माहीत होतं?’

‘चौदा वर्सं तेच बगतोय माय. लोखंड मला कळंना व्हय?’

मी खाली बसले. म्हटलं, ‘पंधराव्या पट्ट्यावर मी चुंबक फिरवलंच नव्हतं. एकदाही नाही. तुम्ही झोपला होतात.’

‘डोळे मिटले होते. झोपलो न्हवतो.’

बाहेर आईचं खुरपं चालू होतं. मला त्यांचा राग आला. स्वतःच्यापेक्षाही जास्त त्यांचा आला. मी म्हटलं, ‘मग तेव्हाच का नाही सांगितलं? बघत होतात तर रिजेक्ट करायचं. मी परत फिरवलं असतं, शंभरदा फिरवलं असतं.’

त्यांनी नजर छताच्या पत्र्याकडे नेली. जड जिभेनं एकेक शब्द जुळवायला त्यांना वेळ लागायचा, आणि तेव्हा जरा जास्तच लागला.

‘उन्हात उगं कामून राबवायचं पोरीला, म्हणलं,’ पप्पा म्हणाले. ‘तिथवर मी पोचंन असं मलाच वाटलं न्हवतं.’